स्पार्क प्लगपासून मिस्ड कॉलपर्यंत

१९७५ सालची गोष्ट. वेगवेगळ्या देशांतले शेती-कार्यक्रमांचे निवेदक झांबियात एका शिबिराला जमले होते. बसमधून जाताना गप्पा रंगल्या होत्या. त्यांत कॅनडाचे जॉर्ज ॲटकिन्स होते. सीबीसी या सार्वजनिक नभोवाणीवरच्या दुपारच्या शेती-कार्यक्रमातला त्यांचा आवाज तिकडच्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा झाला होता. सिएरा लिओनच्या एका निवेदकाला त्यांनी सहज विचारलं, अलीकडे कशावर कार्यक्रम केलात? उत्तर आलं, ट्रॅक्टरच्या स्पार्क प्लगची निगा कशी राखावी यावर. तुमच्या ऐकणाऱ्यांपैकी किती जणांकडे ट्रॅक्टर आहे? अगदी मोजक्यांकडे. मग बाकीच्यांना काय ऐकायचंय? तर बैलांबद्दल. त्यांना काय खायला घालावं, ते धडधाकट कसे राहतील, याबद्दल.

हा निवेदक कामचुकार नव्हता. त्याच्या टेबलावर जी माहिती येऊन पडत होती, ती होतीच मुळी ट्रॅक्टरवाल्या देशांतली. रोज कार्यक्रम तर करायचाच आहे, आणि हाताशी दुसरं काही नाही. आठवड्याचे रकाने भरणाऱ्या कुणालाही ही अडचण सांगावी लागणार नाही.

आज ‘फार्म रेडिओ इंटरनॅशनल’ या नावाने आफ्रिकेतल्या हजाराहून अधिक रेडिओ केंद्रांशी बांधली गेलेली संस्था या बसमधल्या संभाषणातून जन्मली, असं तिच्या इतिहासात सांगतात. गोष्ट खरी आहे, पण तिच्या मागे आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा एक मुक्काम थेट पुण्यात आहे. ती टाळून पुढे जाणं मराठी माणसाला जमणार नाही.

कॅनडात १९४१ पासून ‘फार्म रेडिओ फोरम’ चालत असे. शेजारपाजारचे शेतकरी ठरल्या संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचे, आधी पाठवलेलं टिपण वाचायचे, कार्यक्रम ऐकायचे, चर्चा करायचे आणि काय ठरलं ते लिहून कळवायचे. वाचा, ऐका, बोला, करा, असा तो क्रम होता. युनेस्कोला हा प्रयोग दुसरीकडे करून बघायचा होता आणि त्यासाठी निवडली गेली पुण्याची आकाशवाणी. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत, आठवड्यातून दोनदा, असे एकूण वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. मूल्यमापन केलं टाटा समाजविज्ञान संस्थेने. पॉल नॉयरथ या समाजशास्त्रज्ञाने आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांच्याबरोबर लिहिलेला त्याचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये छापला, आणि विकास-संवादाच्या अभ्यासात त्याचे दाखले दिले जाऊ लागले. निष्कर्ष साधा होता. नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा, रेडिओ ऐकून झाल्यावर बोलायला बसणाऱ्या गावांना जास्त कळलं होतं. पुढे १९६४-६५ मध्ये घानातल्या खेड्यांत असाच प्रयोग झाला. कॅनडा, पुणे, घाना अशी ही कल्पना फिरली. योगायोग असा, की घानात ती रुजत होती त्याच सुमाराला, १९६५ मध्ये, कॅनडातला मूळ फोरम बंद पडला.

ॲटकिन्स झांबियाहून परतले ते या वारशाच्या देशात. पण फोरम पुन्हा उभे करण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. त्यांनी गरज ओळखली ती निवेदकाची. त्याच्या हाती उपयोगाचं, परवडणारं आणि कुणीतरी खरोखर करून पाहिलेलं काही दिलं पाहिजे. १ मे १९७९ रोजी संहितांचा पहिला संच टपालाने गेला. २६ देशांतल्या ३४ निवेदकांना. संस्थेचं नाव तेव्हा लांबलचक होतं: ‘डेव्हलपिंग कंट्रीज फार्म रेडिओ नेटवर्क’. पाठीशी सीबीसी होती, ग्वेल्फ विद्यापीठ होतं, कॅनडा सरकारची विकास-मदत होती, आणि मॅसी फर्ग्युसन होती. हो, तीच ट्रॅक्टरवाली. स्पार्क प्लगच्या गोष्टीनंतर बैलांवर बोलण्यासाठी ट्रॅक्टर कंपनीने पैसे दिले, हा या इतिहासातला माझा सर्वांत आवडता तपशील आहे.

या संहिता कशा असतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. सुरुवातीला निवेदकासाठी टीप: हा विषय का, तुमच्या भागात तो कितपत लागू पडतो ते आधी बघा, स्थानिक नावं घाला, हवं तर तुमच्याकडच्या शेतकऱ्यालाच बोलवा. मग संकेतधून, ती किती सेकंद वाजवायची आणि कधी मंद करायची. मग संवाद. मूळ मजकूर इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये. पण हवेत जाताना तो बांबारात जातो, चिचेवात जातो, लुगांडात जातो, डागबानीत जातो. हे भाषांतर कुठल्याही कार्यालयात होत नाही. ते निवेदक करतो, बहुतेक वेळा माइकसमोर बसण्याच्या थोडं आधी, पेन्सिलने खुणा करत. ज्याला ‘खत’ आणि ‘शेणखत’ यांतला फरक दोन भाषांत सांगावा लागला आहे, त्याला त्या पेन्सिलीचं मोल कळेल. संहिता कुणीही वापरावी, तोडावी, जोडावी, अशी मुभा पहिल्यापासून आहे. वापरून झाल्यावर काय घडलं ते कळवा, एवढीच विनंती. परत आलेल्या पत्रांतून नवे विषय निघत. एका देशात दाणे साठवण्याची जी युक्ती बायकांनी शोधली, ती दुसऱ्या देशातल्या निवेदकाला टपालाने मिळे.

दहा-बारा वर्षं हे असंच चाललं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, टपाल हळू चालतं एवढंच.

मग आफ्रिकेची हवा बदलली. तोवर बहुतेक देशांत सरकारी नभोवाणी एकच असे आणि राजधानीतून बोले. १९९१ मध्ये मालीत हुकूमशहा त्राओरेंची सत्ता कोसळली आणि खासगी, सामुदायिक केंद्रांचं पीक आलं. युगांडात १९९३ मध्ये खासगी एफएम सुरू झाली. दक्षिण आफ्रिकेत १९९४ नंतर सामुदायिक रेडिओंना परवाने मिळाले. घानात १९९८ मध्ये ‘रेडिओ अडा’ डांग्मे भाषेत बोलू लागला. शे-दोनशे किलोमीटरपलीकडे न पोचणारी, दोन खोल्यांची, एका जनरेटरवर चालणारी ही केंद्रं. त्यांचा निवेदक बाजारात भेटतो, त्याला लोक नावाने हाक मारतात आणि काल तू चुकीचं सांगितलंस असंही सुनावतात. ॲटकिन्सना हवा असलेला माणूस आता गावोगावी होता. प्रशिक्षण मात्र कुणी दिलेलं नव्हतं.

संस्थेने आपलं लक्ष आफ्रिकेवर एकवटलं आणि २००८ मध्ये नाव बदलून ‘फार्म रेडिओ इंटरनॅशनल’ केलं. त्याच सुमाराला इंटरनेट निवेदकांपर्यंत पोचू लागलं होतं. केंद्रात नसेल, तर तालुक्याच्या गावच्या सायबर कॅफेत. मग साप्ताहिक वार्तापत्र आलं, त्यातून पुढे ‘बारझा वायर’ ही ऑनलाइन वृत्तसेवा झाली. आफ्रिकेतले वार्ताहर शेतकऱ्यांच्या बातम्या लिहितात आणि आफ्रिकेतलेच निवेदक त्या वाचून दाखवतात. बारझा म्हणजे काँगोत लोक बोलायला जमतात ती जागा. आपण पार म्हणू किंवा चावडी. अलीकडे यातल्या बऱ्याच गप्पा व्हॉट्सॲपच्या गटांवर होतात, कारण मोबाइलचा डेटा तिथे कमी लागतो आणि आवाज रेकॉर्ड करून टाकता येतो. लिहिण्यापेक्षा बोलणाऱ्या माणसांना ते सोयीचंच आहे.

माझ्या मते खरं वळण मात्र इंटरनेटचं नाही. ते आलं २००७ ते २०१० च्या दरम्यान, गेट्स फाउंडेशनच्या पैशावर चाललेल्या एका संशोधन प्रकल्पातून. घाना, माली, मलावी, टांझानिया आणि युगांडा या पाच देशांतली पंचवीस केंद्रं. प्रश्न असा, की रेडिओमुळे शेतकरी खरंच काही बदलतो का, आणि बदलत असेल तर कधी? तिथे पुण्याच्या प्रयोगाचा धागा पुन्हा हाती लागतो. विषय आता कॅनडात ठरत नव्हता. केंद्राचे लोक गावात जाऊन बसत, शेतकऱ्यांशी बोलून एकच सुधारणा निवडत आणि महिनोन्‌महिने तेवढ्याच विषयाची मोहीम चालवत. आधी नुसती ओळख, मग घरात चर्चा, मग करायचं की नाही याचा निर्णय, मग करणाऱ्यांच्या अडचणी. निवडक गावांत एकत्र बसून ऐकणारे गट असत. काही ठिकाणी त्यांना चावी फिरवून आणि उन्हावर चालणारे रेडिओ मिळाले. १९५६ मध्ये दिसलेलीच गोष्ट पुन्हा दिसली. एकत्र बसून ऐकणाऱ्यांत प्रत्यक्ष करून बघणारे जास्त निघाले.

मोबाइलचा उपयोग करायची युक्ती आफ्रिकेतल्या लोकांना कुणी शिकवावी लागली नाही. फोन लावायचा, एक रिंग जाऊ द्यायची आणि कट करायचा. तिकडे याला ‘बीप’ किंवा ‘फ्लॅश’ म्हणतात, आपण मिस्ड कॉल. २०११ मध्ये अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनाला पाठिंबा देण्यासाठी आपल्याकडे लाखो लोकांनी हेच केलं होतं. फार्म रेडिओने त्यावर ‘उलिझा’ नावाची यंत्रणा उभारली. स्वाहिलीत उलिझा म्हणजे विचारा. निवेदक कार्यक्रमात प्रश्न टाकतो आणि दोन नंबर सांगतो, हो असेल तर हा, नाही असेल तर तो. शेतकरी बीप देतो, खर्च शून्य. यंत्रणा मोजते. हवं तर उलट फोन करून त्याच्या भाषेतला रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवते आणि त्याचा प्रश्न नोंदवून ठेवते. पुढच्या कार्यक्रमात निवेदक तो प्रश्न वाजवतो. १९७५ मध्ये बसमध्ये विचारलेला प्रश्न, बाकीच्यांना काय ऐकायचंय, आता रोज संध्याकाळी विचारता येतो.

पण फोन कुणाच्या खिशात असतो, हा प्रश्न उरलाच. बीप देणाऱ्यांत पुरुष भरपूर, बायका थोड्या. मग संस्थेने काही देशांत बायकांच्या श्रवणगटांच्या हाती फोन दिले. कार्यक्रमाची वेळही तपासावी लागली. संध्याकाळी सहाला चुलीपुढे बसलेल्या बाईने रेडिओ ऐकायचा कसा? दर्जाच्या ज्या पाच कसोट्या संस्थेने निवेदकांपुढे ठेवल्या, त्यांत ही सोयीची वेळ आवर्जून आहे. बाकीच्या चार अशा: शेतकऱ्याचा, बाईचाही, मान राखणं, त्याला बोलायची संधी देणं, वेळेवर, खरी माहिती, आणि ऐकावंसं वाटणं. शेवटची कसोटी किरकोळ वाटते. पण केशरी रताळ्यात ‘अ’ जीवनसत्त्व असतं हे सांगायला रताळ्यावरचं भाषण कोण ऐकेल? युगांडात त्यासाठी रेडिओ-नाटक झालं. घरातली भांडणं, पोरांचं आजारपण आणि मधेच रताळी. पांढऱ्या रताळ्यावर वाढलेल्या आईला केशरी रताळं ताटात वाढायला लावायचं, तर नात्यांतूनच वाट काढावी लागते.

या वाटचालीबद्दल एक गोष्ट खटकते, ती लिहून टाकतो. मोहीम प्रकल्पाच्या पैशावर चालते, प्रकल्पाला शेवटची तारीख असते. लहान केंद्राला जनरेटरचं डिझेल आणि निवेदकाचा पगार पुढच्या महिन्यातही लागतो. देणगीदार रताळ्याला पैसे देतो, डिझेलला सहसा देत नाही. आणि आफ्रिकेतल्या शेतकऱ्याने काय ऐकावं याचा पैसा अजूनही बव्हंशी अटलांटिकपलीकडून येतो. ॲटकिन्स २००९ मध्ये गेले. हा पेच त्यांच्या वेळीही होताच, फक्त तेव्हा आकडे लहान होते.

शेवटी एका अळीबद्दल. २०१६ मध्ये पश्चिम आफ्रिकेत मक्यावर एक नवी अळी दिसली, मूळची अमेरिकेची. पानांवर झरोके पडायचे, पोंग्यात भुशासारखी विष्ठा साठायची, आणि अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय उलटा काढल्यासारखी खूण. दोन वर्षांत ती जवळपास सगळ्या आफ्रिकेत पसरली. शेतकऱ्यांपाशी औषधाला पैसे नव्हते. त्यांनी रोज सकाळी पानांमागचे अंड्यांचे पुंजके चिरडले, पोंग्यात राख टाकली, वाळू टाकली, माती टाकली. रेडिओवरून हे एका गावातून दुसऱ्या गावात गेलं. २०१८ मध्ये तीच अळी कर्नाटकात आली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यात उतरली. आपण तिला अमेरिकन लष्करी अळी म्हणू लागलो. काही महिन्यांतच आपल्याकडचा शास्त्रीय सल्ला आला, त्यात पोंग्यात वाळू आणि चुना नवास एक या प्रमाणात टाकण्याचा उपाय होता. अळीने आफ्रिकेतून इकडे यायला दोन वर्षं घेतली. घानातल्या एखाद्या केंद्रावर राखेबद्दल बोललेल्या बाईचा आवाज मात्र सोलापूरच्या बांधावर पोचला नाही. तिच्या केंद्राला संहिता पुरवणाऱ्या संस्थेचा पत्ता कॅनडातल्या ओटावात होता, आमच्या सल्ल्याचा दिल्लीत.