आमेरचे दफ्तर आणि जयसिंहाच्या वेधशाळा: माहिती व्यवस्थापन व ज्ञान व्यवस्थापन

माहिती व्यवस्थापन आणि ज्ञान व्यवस्थापन या संज्ञा अलीकडच्या आहेत. त्यांतील फरक मात्र अठराव्या शतकातील आमेरच्या राज्यातही दिसतो.

आमेरच्या कछवाहा राजांचे वकील मोगल दरबारी असत. तेथील घडामोडींचे फारसी अखबार आणि स्वतःचे अहवाल ते राजाकडे पाठवीत. यांपैकी बरेच कागद आज बिकानेरच्या राजस्थान राज्य अभिलेखागारात आहेत. कागद मिळवणे, लावून ठेवणे, हवा तेव्हा काढून देणे, हे माहिती व्यवस्थापन. ते नीट झाले म्हणूनच जदुनाथ सरकारांना दोन शतकांनंतर हे अखबार वापरता आले. पण दरबारातील कोणाच्या शब्दावर किती विसंबावे, ही वकिलाची पारख दफ्तरात बांधून ठेवता येत नव्हती.

1727 मध्ये जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंहाच्या खगोलकार्यात हा फरक अधिक ठळक होतो. त्याने दिल्ली, जयपूर, मथुरा, उज्जैन व वाराणसी येथे वेधशाळा बांधल्या. पोर्तुगालला पाठवलेल्या मंडळाने फ्रेंच ज्योतिर्विद ला हीर याची कोष्टके आणली. कोष्टके हाती आली, म्हणजे माहिती आली. जयसिंहाने ती वेधांशी ताडून पाहिली, तेव्हा चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली. अर्धा अंश म्हणजे जवळजवळ चंद्रबिंबाची रुंदी! छापील आकडा तपासण्याचे हे सामर्थ्य म्हणजे ज्ञान.

असे ज्ञान माणसांत असते, म्हणून जयसिंहाने माणसे जमवली. त्यांतले जगन्नाथ सम्राट मूळचे महाराष्ट्रीय, असे परंपरा सांगते. त्यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणली. एका परंपरेचे ज्ञान दुसऱ्या परंपरेतील अभ्यासकाच्या हाती देणे, हे आजही ज्ञान व्यवस्थापनाचे सर्वांत अवघड काम आहे. माझ्या मते जयसिंहाचे मोठेपण दगडी यंत्रांपेक्षा येथे अधिक आहे.

त्याची उणीवही येथेच होती. 1743 मध्ये जयसिंह वारला आणि वेध घेण्याचे काम मंदावले. यंत्रे उभी होती, ग्रंथ व कोष्टकेही होती. पण वेध घेणाऱ्यांची पुढची पिढी त्याच जोमाने उभी राहिली नाही. 1901-02 मध्ये जयपूरच्या वेधशाळेचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा लेफ्टनंट गॅरेट या अभियंत्याला संस्कृतज्ञ चंद्रधर शर्मा गुलेरी यांची मदत घ्यावी लागली.