शेंग वाळवण्याचे अर्थशास्त्र

1960 साली इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत दगावले. कारण उमगेना, म्हणून त्या रोगास नुसते ‘एक्स’ म्हटले गेले. शोध अखेर ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपाशी येऊन थांबला. ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ या बुरशीने निर्माण केलेल्या त्या विषास पुढे ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. ते यकृताच्या कर्करोगास कारणीभूत ठरते, हेही सिद्ध झाले. भुईमूग हेच ज्याचे प्रमुख तेलबी पीक होते, त्या भारतासाठी ही वार्ता दूरदेशीची नव्हती.

उपाय तसा साधा होता. नुकत्याच उपटलेल्या शेंगेत ओलावा 40 टक्क्यांच्या आसपास असतो. तो त्वरेने 8 टक्क्यांपर्यंत उतरला, की बुरशीची वाढ खुंटते. त्यासाठी वेल उलटे करून शेंगा वर राहतील असे पसरावेत, फुटक्या-किडक्या शेंगा निवडून काढाव्यात आणि माल कोरड्या जागी साठवावा. संशोधनाची सोयही देशातच झाली. 1972 मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरू येथे ‘इक्रिसॅट’ स्थापन झाली, तर 1979 मध्ये जुनागढला राष्ट्रीय भुईमूग संशोधन केंद्र. 1986 च्या तेलबिया तंत्रज्ञान अभियानाने आपल्या चार अंगांपैकी एक काढणीपश्चात तंत्रज्ञानासाठीच राखले. 1985-86 मधील सुमारे 1 कोटी 8 लाख टनांचे तेलबिया उत्पादन दशकभरात दुपटीहून वाढले. या वाढीमागे मुख्यतः सुधारित बियाणे, विस्तारलेली लागवड आणि भावाचा आधार होता. वाळवणीची शिस्त मात्र त्या वेगाने शिवारात पोहोचली नाही.

याचा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकणे सोपे. पण त्याचा हिशेब पाहिला, तर चित्र पालटते. वेल उलटे करून पसरण्यास आणि शेंगा निवडण्यास मजुरी लागते, तीही ऐन काढणीच्या घाईत. खरिपाच्या अखेरीस पाऊस डोक्यावर असतो. जनावरांसाठी पाला वाचवायचा, म्हणून ओले वेलच ढिगात रचले जातात. सावकाराचे वा अडत्याचे देणे असेल, तर माल थांबवून धरण्याची मुभाच नसते. वाळलेल्या शेंगेचे वजन घटते, आणि भाव वजनावर ठरतो. फोडताना दाणे तुटू नयेत म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची रीतही अनेक ठिकाणी रूढ झाली. कोरड्या केलेल्या मालात बुरशीला पुन्हा वाट मिळाली.

शिवाय हे विष डोळ्यांना दिसत नाही. तेल शुद्ध करताना ते बहुतांशी निघून जाते आणि पेंडीत उरते. त्यामुळे केवळ तेलासाठी शेंग घेणाऱ्या गिरणीला निर्विष मालासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण राहत नाही. जेथे खरेदीदार चाचणी करतो व स्वच्छ मालाचा वेगळा भाव देतो, तेथेच वाळवणीचा खर्च भरून निघतो. युरोपीय संघाने थेट खाण्याच्या शेंगदाण्यासाठी घातलेली किलोमागे 4 मायक्रोग्रॅमची मर्यादा निर्यातदारांना चाचणीकडे वळवते. परंतु गावच्या बाजारातील साध्या विक्रेत्यापर्यंत तिचा धाक क्वचितच पोहोचतो.

निर्यातीतून बाद झालेला दाणा नष्ट होतोच असे नाही. तो देशी बाजारात, पेंडीच्या रूपाने गोठ्यात, आणि गोठ्यातून दुधात उतरू शकतो. ज्या वाळवणीचा मोबदला शेतकऱ्याला मिळाला नाही, तिची किंमत अशा रीतीने त्याच्याच घरातील मूल चुकवते. काढणीपश्चात तंत्रज्ञानाच्या या इतिहासात यंत्राइतकाच तराजूही महत्त्वाचा ठरतो, तो यामुळे.