नोंद घटनेची, नाव डॉक्टरचे

1 डिसेंबर 1974 रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळाकडे निघालेले टीडब्ल्यूए 514 हे विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळले. आतले सर्व 92 जण दगावले. नियंत्रण कक्षाने दिलेल्या परवानगीवरून वैमानिकांनी आणखी खाली उतरायला हरकत नाही असे धरले होते. सहाच आठवड्यांपूर्वी युनायटेडचे एक विमान याच गैरसमजातून थोडक्यात वाचले होते. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केले, पण ती सूचना इतर कंपन्यांपर्यंत गेली नाही. रुग्णालयातल्या इन्सिडेंट रिपोर्टचे, म्हणजे चुकांच्या आणि घटनांच्या नोंदीचे, एक मूळ इथे सापडते.

1975मध्ये अमेरिकी विमान प्रशासनाने चुका कळवण्याची सोय केली. पण शिक्षा करणाऱ्याच्याच हाती कबुली कोण देणार? म्हणून 1976मध्ये हे काम नासाकडे गेले. नासाला कोणाचा परवाना काढून घेता येत नव्हता, आणि नाव-गाव वगळूनच अहवाल जपला जाई. साऱ्या व्यवस्थेचे मर्म एवढेच होते.

वैद्यकात 1978मध्ये बोस्टनच्या जेफ्री कूपर या अभियंत्याने भूलतज्ज्ञांना बोलते करून चुकांचा अभ्यास केला. 1999च्या ‘टू अर इज ह्यूमन’ अहवालाने अमेरिकी रुग्णालयांत चुकांमुळे वर्षाला 44,000 ते 98,000 मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडला, आणि रुग्णालयांतल्या अशा नोंदींना जोर आला. फॉर्म आला, नासा मात्र आली नाही. भरलेला फॉर्म बहुधा नेमणूक आणि कारवाई ठरवणाऱ्या प्रशासनाकडेच जातो.

2006च्या एका अभ्यासात 26 रुग्णालयांतल्या 92,547 नोंदी तपासल्या गेल्या. जवळजवळ निम्म्या परिचारिकांच्या होत्या, डॉक्टरांच्या 2 टक्क्यांहूनही कमी. इतक्या एकतर्फी दप्तरात डॉक्टर दिसणार तो दुसऱ्याच्या शब्दांत. यात डॉक्टरांच्या मौनाचा वाटा मोठा आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. वरिष्ठ ऐकत नाहीत तेव्हा परिचारिकेला फॉर्मचाच आधार उरतो. 2008मध्ये रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या अमेरिकेच्या जॉइंट कमिशनने आरडाओरडा, अपमान हेही रुग्णाला घातक ठरवले. ते योग्यच होते, पण त्यामुळे वर्तनाची तक्रार आणि घटनेची नोंद यांतली रेघ पुसट झाली. ब्रिटनमध्ये तर अशा नोंदी करण्याच्या ‘डेटिक्स’ या संगणकप्रणालीचे नाव सहकाऱ्याला धमकावण्यासाठी वापरले जाऊ लागले. 2017मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या फॅमिली डॉक्टरांच्या क्षेत्रातल्या 2,148 नोंदी तपासल्या, तेव्हा 45 टक्क्यांत कोणा व्यक्तीवर ठपका आढळला.

मला यात डॉक्टरवरच्या अन्यायाइतकीच रुग्णाची हानी दिसते. चुकीच्या इंजेक्शनखाली निवासी डॉक्टरचे नाव लिहून फाइल मिटली, की सलग ड्युटीचा थकवा आणि शेजारी ठेवलेल्या सारख्या लेबलच्या दोन बाटल्या तपासायच्या राहून जातात. त्या बाटल्या पुढच्या पाळीच्या डॉक्टरलाही तशाच शेजारी-शेजारी मिळतात.