आडनावातला ‘वार’

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत वैनगंगेकाठी जी गर्दी उसळते, तिच्यात मडावी, आत्राम, गेडाम असतात, भोयर असतात आणि ‘वार’वाले तर हमखास. मुनगंटीवार, वडेट्टीवार, कन्नमवार. मुंबई-पुण्याकडे ‘वार’ ऐकला की काहींना तलवारीचा घाव आठवतो, काहींना सोमवार-मंगळवार. दोन्हींशी त्याचा संबंध नाही.

हा ‘वार’ तेलुगू ‘वारु’तून आला. वारु म्हणजे ‘ती मंडळी’, आदरार्थी अनेकवचन. तेलुगू घराण्याला ‘इंटि पेरु’ असते, म्हणजे घराचे नाव. त्याला ‘वारु’ जोडले की ‘अमक्या घरची मंडळी’. मराठीत शेवटचा उकार गळाला. आपला ‘कर’ गाव सांगतो, डचांचा ‘व्हान’ही बहुधा ठिकाणच सांगतो, ‘वार’ मात्र आधी घराणे सांगतो, आणि तेही मान देऊन. मला हे फार मोलाचे वाटते.

चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात ही आडनावे दाट आहेत. कोमटी समाजात ती विशेष दिसतात, पण एकाच जातीची खूण म्हणून ती वाचू नयेत. सिरोंच्याला तर आजही घराघरांत तेलुगू बोलली जाते. याच मुलखातले मारोतराव कन्नमवार १९६२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

तुमच्या आडनावात ‘वार’ असेल, तर त्याच्या आधीच्या अक्षरांचा अर्थ घरातल्या आजी-आजोबांना आजच विचारा आणि लिहून ठेवा.