ओझरचे विमान, कोरापुटचे इंजिन

आपल्या तामसी परिसरातील जुन्या कास्तकारांनी विहिरीवरचे ऑइल इंजिन पाहिलेले आहे. हवा ओढणे, ती दाबणे, इंधन जाळणे आणि धूर बाहेर फेकणे ही चारही कामे तेथे एकाच सिलिंडरात पाळीपाळीने होतात. म्हणून ते ठोके देत चालते. जेट इंजिनात हीच कामे लांब नळीच्या निरनिराळ्या भागांत, एकाच वेळी आणि अखंड चालतात. पुढची फिरती पाती हवा ओढून दाबतात, मधल्या दहनकक्षात केरोसिनच्या जातीचे इंधन सतत जळते, तापून प्रसरण पावलेला वायू टर्बाइन फिरवतो आणि उरलेल्या जोराने मागच्या तोटीतून निसटतो. टर्बाइनच दांड्यावाटे पुढची पाती फिरवत राहते. हा झोत मागच्या हवेला रेटतो म्हणून विमान पुढे जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. इंजिन वायू मागे फेकते, त्याची प्रतिक्रिया इंजिनावरच होते. बंदूक उडवताना खांद्याला बसणारा धक्का याच जातीचा.

इंग्लंडच्या फ्रँक व्हिटल यांनी १९३० मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. पण जेटवर पहिले विमान उडाले ते जर्मनीत, २७ ऑगस्ट १९३९ रोजी.

मराठी मुलखात जेट विमाने बांधण्याचे काम आले ते ओझरला. यशवंतराव चव्हाण १९६२ च्या अखेरीस संरक्षणमंत्री झाले, १९६३ मध्ये नाशिकहून लोकसभेवर बिनविरोध गेले, आणि १९६४ मध्ये नाशिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना स्थापन झाला. मिग-२१ चे काम तीन ठिकाणी वाटले गेले : सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला. म्हणजे त्याला आपल्या राजधानीचाही हात लागला होता. आपल्याकडे हे फारसे कोणी सांगत नाही.

मात्र त्या इंजिनाचा आराखडा सोव्हिएत होता, आणि खरी अडचण तेथेच आहे. टर्बाइनची पाती धातू वितळवू शकेल अशा उष्णतेत मिनिटाला हजारो फेरे घेतात. नकाशे विकत मिळतात. ती मिश्रधातू, ते ओतकाम आणि पात्याच्या पोटातून थंड हवा खेळवण्याची युक्ती कोणी सहजासहजी देत नाही. बंगळूरचे ‘मरुत’ १७ जून १९६१ रोजी उडाले; सांगाडा उत्तम, पण त्याच्या तोलाचे इंजिन त्याला शेवटपर्यंत लाभले नाही. ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला आणि २००८ मध्ये ‘तेजस’ विमानापासून वेगळा काढण्यात आला. याला केवळ शास्त्रज्ञांचे अपयश म्हणणे मला अन्यायाचे वाटते. सांगाडे जोडत असतानाच धातुशास्त्रात चिकाटीने पैसा घालायला हवा होता. तो पुरेसा घातला गेला नाही.

मिग-२१ ला वायुदलाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी निरोप दिला. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, ओझरच्या धावपट्टीवरून तेथेच बांधलेले पहिले ‘तेजस मार्क-१ए’ उडाले. त्याचे इंजिन अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे आहे.