दोन जहाजे

मेलबर्नची कसोटी जिंकल्यावर २९ डिसेंबर २०२० रोजी अजिंक्य रहाणेच्या गळ्यात एक पदक घातले गेले. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे जॉनी मुलाघ पदक, आणि तेही पहिल्यांदाच दिलेले. हा मुलाघ कुणी जुना गोरा कर्णधार असावा, असे मला वाटले. इतिहास शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला त्याचे नावही ठाऊक नसावे, याची पुढे लाज वाटली.

आमच्या पिढीला ऑस्ट्रेलियन माणूस भेटला तो पहाटे कानाला लावलेल्या रेडिओतून. रांगडा, उर्मट, बिअर ढोसणारा, जिंकण्यासाठी काहीही करणारा! १९८१ साली न्यूझीलंडविरुद्ध ग्रेग चॅपेलने धाकट्या भावाला शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकायला लावला, तेव्हा कट्ट्यावर सगळ्यांचे एकमत झाले, "कैद्यांचीच पोरं ती, दुसरं काय करणार!" हे वाक्य मी वर्गातही सांगितले आणि हशा मिळवला. ते तपासायचे मात्र राहून गेले होते.

आता तपासतो. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ब्रिटनने सुमारे १ लाख ६० हजार कैदी तिकडे धाडले, हे खरे. पण बहुतेकांचे गुन्हे किरकोळ चोऱ्यांचे होते. जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमँटलला लागलेल्या कैद्यांच्या अखेरच्या जहाजात तर ६२ आयरिश बंडखोर होते. इंग्रजांचे त्यांना 'गुन्हेगार' म्हणणे आपण तरी कसे मान्य करावे? शिवाय १८५१ मध्ये सोने सापडले आणि स्वतःच्या खुशीने येणाऱ्यांची रीघ लागली. त्या वर्षी तेथील वसाहतींची लोकसंख्या सुमारे ४ लाख ३० हजार होती, ती २० वर्षांत १७ लाखांवर गेली. त्यांतले बहुसंख्य कैद्यांची पोरे नव्हते.

पिण्याची गोष्टही अशीच. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात दारूची दुकाने संध्याकाळी सहालाच बंद करण्याचा कायदा झाला. हेतू संयमाचा होता. पण पाचला काम सुटलेला कामगार तासाभरात मिळेल तेवढी बिअर घशाखाली उतरवू लागला. हा नियम न्यू साउथ वेल्समध्ये १९५५ पर्यंत आणि व्हिक्टोरियात १९६६ पर्यंत टिकला. ज्या सवयीला आपण स्वभाव म्हणतो, तिला कायद्याने असे खतपाणी घातले होते.

चांगला समज म्हणजे समतेचा. तिथे कुणी कुणाला 'साहेब' म्हणत नाही, असे आपण कौतुकाने सांगतो. त्यालाही आधार आहे. मेलबर्नच्या पाथरवटांनी १८५६ सालीच आठ तासांचा दिवस मिळवला. १९०२ मध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळाले. पण त्याच कायद्याने बहुतेक आदिवासींना मतदानाबाहेर ठेवले. देशभरच्या आदिवासींना संसदेसाठी मत मिळायला १९६२ उजाडले.

आणि इथे मुलाघ येतो. अखेरचे कैदी उतरले त्याच्या पुढच्याच महिन्यात, फेब्रुवारी १८६८ मध्ये, सिडनीहून दुसरे एक जहाज इंग्लंडकडे निघाले. त्यात १३ आदिवासी क्रिकेटपटू होते. परदेश दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ तो हाच. गोऱ्यांचा संघ त्यानंतर दहा वर्षांनी इंग्लंडला गेला. या मंडळींनी ४७ सामने खेळून १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित राखले. एकट्या मुलाघने १,६९८ धावा काढल्या आणि २४५ बळी घेतले. किंग कोल नावाचा त्यांचा सहकारी क्षयाने लंडनमध्येच वारला. बाकीचे परतले, तो १८६९ मध्ये व्हिक्टोरियात आदिवासींच्या 'संरक्षणा'चा कायदा आला. त्यांनी कुठे राहावे, कुठे काम करावे, मुले कुणाच्या ताब्यात असावीत, हे सरकार ठरवू लागले. असा दौरा पुन्हा निघणे दुरापास्त झाले.

पहिल्या जहाजावरून आपण अख्ख्या देशाची जात ठरवली. दुसरे आपल्या गावीही नव्हते. रहाणेला मिळालेल्या पदकाला त्या १८६८च्या संघाच्या कमरपट्ट्यावरील बकलचा आकार दिला आहे, हे वाचले तेव्हा माझा तो हशा मला बोचला. आपण सीमाभागातली माणसे. कुणी एका शब्दात आपली वासलात लावली की काय वाटते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

त्या वर्गातली मुले आज साठीला टेकली असतील. त्यांच्यापैकी कुणाच्या हाती हा अंक पडला, तर सांगतो : बाळांनो, ते वाक्य मी मागे घेतो.