फेडायचं कधी?



चातुर्मास लागला की आपल्याकडे उपवास, आयंबिल, प्रतिक्रमण यांच्याबरोबर आणखी एक विषय निघतो, धान्यवाटपाचा. कुठे द्यायचं, किती द्यायचं, पिशवीत काय काय घालायचं. दोन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने ठरवलं की यंदा चिरनेरजवळच्या एका कातकरी वाडीवर जायचं. दहा किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, एक लिटर तेल, साखर, चहा आणि मीठ अशी पिशवी केली.

श्रावणातला पाऊस होता. आम्ही एका घराच्या पडवीत उभ्या होतो. आमच्यातली एक जण वहीत नावं लिहीत होती आणि प्रत्येकीचा अंगठा घेत होती. एका म्हाताऱ्या आजींनी अंगठा उठवला, पिशवी हातात घेतली आणि मला विचारलं, “बाय, ह्ये फेडायचं कधी?”

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, “आजी, फेडायचं नाही. हे दान आहे.” त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं असं काही दिसलं नाही. घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. फुकट दिलेलं धान्य एखादीला कर्ज का वाटावं? मी लग्नाआधी बी.कॉम. झाले, नोकरी केली नाही, पण घरचा जमाखर्च आजही मीच लिहिते. म्हटलं, या प्रश्नाचं जुनं खातं उघडून बघू. जे वाचलं, विचारलं, ते आज तुम्हाला सांगते.

कातकरी हे नावच कातावरून आलं. आपण विड्याला लावतो तो कात. खैराच्या झाडाचा गाभा तासून, त्याच्या ढलप्या उकळून, तो रस आटवून कात करायचा हे या लोकांचं काम. जंगलातून लाकूड, मध, कंद मिळायचे, ओढ्यातून मासे-खेकडे मिळायचे. पैसा कमी असला तरी पोट जंगलावर चालायचं.

१८७८ साली इंग्रजांनी जंगलाचा कायदा केला. जंगलं राखीव झाली. खैर तोडणं, राब करण्यासाठी फांद्या तोडणं, गुरं चारणं, जे पिढ्यान्पिढ्या चालत आलं होतं त्याला परवानगी लागू लागली आणि दंड होऊ लागला. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी झाल्या की १८८०च्या दशकात सरकारला त्यासाठी आयोग नेमावा लागला. आपला आजचा रायगड जिल्हा म्हणजे तेव्हाचा कुलाबा.

चिरनेर आज उरण तालुक्यात आहे, त्या काळी पनवेल तालुक्यात होतं. १९३० साली गांधीजींनी मीठ उचललं. आपल्या भागात मिठाच्या जोडीने जंगलाचा सत्याग्रह झाला. २५ सप्टेंबर १९३० रोजी आसपासच्या गावांतली माणसं कोयते-कुऱ्हाडी घेऊन चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल तोडायला गेली. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात आगरी, कोळी घरांतली माणसं गेली, पनवेलचे मामलेदार जोशीही त्या दिवशी मारले गेले. हुतात्म्यांमध्ये एक नाव नाग्या महादू कातकरी यांचं आहे. दर वर्षी २५ सप्टेंबरला चिरनेरच्या स्मारकावर मानवंदना होते.

शाळेत हा धडा आपण स्वातंत्र्यलढा म्हणून शिकलो. तो आहेच. पण मला आता वाटतं, नाग्या कातकरींसारख्याच्या दृष्टीने तो चुलीचाही लढा होता. जंगल बंद म्हणजे चूल बंद.

मग चूल पेटवायची कशावर? इथे खातेवही सुरू होते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर वाडीवर परततात. पावसात भट्टी बंद, मजुरी थोडी, हातात पैसा नाही. आषाढ ते भाद्रपद हे त्यांचे भुकेचे महिने. त्या वेळी पुढच्या हंगामाच्या कामावर आगाऊ पैसे किंवा धान्य मिळतं. पैशाला उचल म्हणतात. पावसाळ्यात पोटासाठी म्हणून जे घेतलं जातं त्याला खावटी म्हणतात. शब्द किती साधा आहे, खाण्यासाठी ती खावटी. पण ती नावे पडते. हंगामभर राबून हिशोब झाला की पुष्कळदा बाकी उरते ती कुटुंबाच्याच अंगावर. मग पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे जायचं. लिहिणारा एक आणि अंगठा उठवणारा दुसरा असला की बाकी कुणाकडे निघणार हे सांगायला बी.कॉम. व्हावं लागत नाही.

१९७६ साली देशात वेठबिगारी बंद करणारा कायदा झाला. कर्जापोटी माणूस बांधून ठेवणं गुन्हा ठरला. पण नुसत्या कायद्याने पावसाळ्यातली भूक जात नाही. म्हणून सत्तरच्या दशकाअखेर महाराष्ट्र सरकारने आदिवासींसाठी स्वतःचीच खावटी सुरू केली, सावकाराकडे जावं लागू नये म्हणून. हेतू चांगला होता. तरी तिचं नाव खावटी कर्ज योजनाच होतं. पुढे कोरोनाच्या काळात, २०२० साली, सरकारने खावटी अनुदान जाहीर केलं. कुटुंबाला चार हजार रुपये, त्यातले दोन हजार बँकेत आणि दोन हजारांच्या वस्तू, कडधान्य, डाळ, साखर, तेल, मीठ, मसाला. ते परत करायचं नव्हतं.

आता त्या आजींचं वय धरा. त्यांच्या उभ्या आयुष्यात पावसाळ्यात दारात धान्य घेऊन जो आला, तो वही घेऊन आला. आम्हीही वही घेऊनच गेलो होतो! आमच्या मनात होतं की देणगीदारांना हिशोब दाखवता यावा. त्यांच्या मनात त्या अंगठ्याचा अर्थ वेगळाच होता. चूक आमची होती.

त्याच दिवशी परतताना गाडीत आमच्यात थोडा वादही झाला. एक ताई म्हणाल्या, “ही माणसं मासे खातात, खेकडे खातात, चातुर्मासात कंदमुळं उकरून खातात. आपलं दान सत्पात्री पडलं का?” प्रश्न मनापासून होता, म्हणून मी तो हसण्यावारी नेला नाही. वाडीवर मी पाहिलं होतं, कडूकांदे उकडून, चिरून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवतात. कडूपणा गेल्याशिवाय ते तोंडात घालवत नाहीत. आपण कंदमूळ सोडतो ते भरल्या ताटावरून. त्यांच्या ताटात दुसरं काही नसतं तेव्हा ते कंद येतात. या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

आणि आपल्या धर्माने याचं उत्तर केव्हाच दिलं आहे. साधु-साध्वींना देतो ते सुपात्रदान. दुःखी-भुकेल्याला देतो ते अनुकंपादान. अनुकंपादानात पात्र-अपात्र बघायचं नसतं, भूक बघायची असते.

जगडूशहांची गोष्ट तुम्ही व्याख्यानात ऐकली असेल. कच्छमधल्या भद्रेश्वरचे हे श्रावक. तेराव्या शतकात, इसवी सन १२५६च्या सुमारास, लागोपाठ दुष्काळ पडला. जगडूंनी आधीच धान्याची कोठारं भरून ठेवली होती. त्यांच्या चरित्रात सांगितलं आहे की राजाने धान्य विकत मागितलं, तेव्हा हे गरिबांसाठी ठेवलेलं आहे असं त्यांनी दाखवून दिलं. कोठारावर तसा लेखच होता. म्हणजे धान्य साठवतानाच त्यांनी ते दुसऱ्याच्या नावे जमा केलं होतं.

त्याच चरित्रात लज्जापिंडाची हकिगत आहे. चांगल्या घरची माणसं अन्नछत्रात यायला लाजतात, म्हणून जगडू त्यांना लाडू पाठवत आणि लाडवाच्या आत सोन्याचं नाणं ठेवत. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये एवढी काळजी. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकते आहे, पण लाज फक्त चांगल्या घरच्यांना असते असं आपण धरून चालतो, हे मला त्या पडवीत उभं राहिल्यावर कळलं.

आता थोडा हिशोब, कारण त्याशिवाय माझं लिखाण पुरं होत नाही. भातावर जगणाऱ्या कष्टाच्या माणसाला दिवसाला चारशे ग्रॅम तांदूळ धरा. सहा माणसांच्या घराला रोज २ किलो ४०० ग्रॅम लागतात. आमची दहा किलोची पिशवी चार दिवसांची. पाचव्या दिवशी काय?

सरकारची अंत्योदय योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. आधी कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य होतं, २००२पासून ३५ किलो झालं. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सांगितलं की कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना अंत्योदयाचं कार्ड द्यावं. २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा आला, आणि जानेवारी २०२३पासून हे धान्य मोफत आहे. ३५ किलो महिन्याला म्हणजे वर्षाला ४२० किलो. आमच्या ४२ पिशव्या! सहा जणांच्या घराला तेही पुरं पडत नाही, महिन्यातले पंधरा दिवसच निघतात. पण ते दर महिन्याला येतं, आणि ते हक्काचं आहे.

तरी त्या वाडीवर काही घरांकडे कार्ड नव्हतं, काहींच्या कार्डावर सुनेचं, नातवंडांचं नाव चढलेलं नव्हतं. वर्षातले सहा-सात महिने भट्टीवर असलेल्या माणसाने कागद कधी करायचे?

गेल्या वर्षी आम्ही पिशव्या दिल्या, पण वही नेली नाही, फोटो काढले नाहीत. खर्चाची पावती आमच्याकडे आहे, देणगीदारांना तेवढी पुरते. आणि आमच्यातल्या तिघी, ज्यांना फॉर्म भरता येतात, वाडीवर दोनदा जाऊन बसल्या, तहसील कचेरीत चार फेऱ्या झाल्या. पाच घरांचं काम झालं. दोन घरांचं अजून लटकलं आहे, कागद अपुरे आहेत.

त्या आजी भेटल्या. या वेळी त्यांनी पिशवी घेतली आणि फेडायचं विचारलं नाही. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी माझ्या हातात दोन काकड्या ठेवल्या, त्यांच्या दारच्या वेलावरच्या. मी “नको, राहू द्या” म्हणणार होते. मग घेतल्या. द्यायचा हक्क त्यांनाही आहे.

यंदा तुमच्या मंडळात पिशवीची यादी निघेल तेव्हा एवढंच विचारा, आपण जातोय त्या वाडीवर किती घरांकडे कार्ड आहे? आणि माझ्याकडून लिहिताना काही कमी-जास्त झालं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छामि दुक्कडम.